काकीच्या शेळीचं करडू

मी पुण्याला निघाले त्या दिवशी केदारखेड्याच्या फाट्यावर निम्मी वस्ती आली होती. माय होती, काकी होती, विहाराच्या ओट्यावर बसणारी म्हातारी माणसं होती. मी नेमकी कशाला चालले हे ठाऊक नसलेलेही आले होते. वस्तीतली पहिली ग्रॅज्युएट पोरगी एस.टी.त बसते कशी, तेवढंच बघायला. कुणी चुरमुऱ्यांची पिशवी हातात कोंबली, कुणी लिंबाचं लोणचं. एक चुलतआजोबा सारखे विचारत होते, "पुण्याला पाणी कसंय गं? क्षाराचं तर न्हाई?" जसं काही मी तिथं विहीर पाडायला चालले होते.

एवढ्या सगळ्यांत आबा नव्हते. आबा म्हणजे माझे वडील.

"आबा कुठेत?" मी मायला विचारलं.

"वावरात गेले. बांधावरची बाभूळ तोडायचीय म्हणे."

"आजच?"

"आजच आठवली त्येला. तू बस, जागा धर."

मी खिडकीशी बसले. मला राग आला नाही. आमच्या घरात जाण्याची रीतच तशी होती. जाणाऱ्यानं आणि राहणाऱ्यानं एकमेकांच्या नजरेला पडायचं नाही. फक्त इतकी वर्षं आबा जायचे आणि मला बाजूला नेलं जायचं. त्या दिवशी मी चालले होते, म्हणून ते बाजूला झाले होते.

जे गावात राहिले त्यांना हे सांगायची गरज नाही. पण माझ्यासारखं उठून गेलेल्यांनी आपापलं आठवून बघावं. तुम्ही लहान असताना घरातलं मोठं माणूस कामाला निघालं, की तुम्हाला काय दाखवायला न्यायचे? मला करडू दाखवायला न्यायचे.

दसरा झाला की आबा आणि माय ऊसतोडीला जायचे. लांब नाही, अंकुशनगरकडं, आपल्याच जिल्ह्यात. पण पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, परत येणं नसायचं, त्यामुळं माझ्या लेखी अंकुशनगर म्हणजे परदेश. टोळीतली बाकीची माणसं लेकरं बरोबर न्यायची. आबांनी मला ठेवून जायचं ठरवलं. उसाच्या फडात गेलं की लेकराची शाळा सुटते आणि सुटलेली शाळा पुन्हा लागत नाही, हे त्यांनी स्वतःवरून पाहिलं होतं. म्हणून मी अंगणवाडीत बसायच्या वयाची झाले तेव्हापासून मला काकीपाशी ठेवलं. लोक हसायचे. "अंगणवाडीत काय कलेक्टर करतेत का?" आबा म्हणायचे, "बसायची सवय तर लागंल."

निघायच्या दिवशी माय मला वेणी घालून द्यायची, जरा जास्तच घट्ट. मग काकी यायची. "चल गं बाई, शेळी व्यालीय. करडू दाखवते."

काकीचा गोठा वस्तीच्या दुसऱ्या टोकाला. तिथं शेळी नेहमीसारखी रवंथ करत उभी असायची, पोट खपाटीला.

"करडू कुठंय?"

"झोपलंय."

"कुठं झोपलंय?"

"आत झोपलंय. उठलं की येईल. तू पाला दे तिला."

मी पाला देत बसायचे. तेवढ्यात रस्त्यावरून ट्रॅक्टर जायचा, मागं दोन ट्रॉल्या खडखडत. घरी यायचे तेव्हा चूल विझलेली आणि दांडीवर मायचं लुगडं नसायचं. दरसाल काकीची शेळी दसऱ्यानंतरच व्यायची, आणि करडू कधी दिसायचं नाही. एका वर्षी मी विचारलंच, "काकी, तुझी शेळी माय गेल्यावरच का गं विते?" काकीनं पदर तोंडाला लावला. हसत होती की दुसरं काही, ते मला तेव्हा कळलं नाही.

पण त्यानंतर मी काकीचा पदर सोडत नसे. ती पाण्याला निघाली तरी मी मागं. परसाकडं निघाली तरी मी मागं. "अगं, तिथं तरी सुखानं जाऊ दे!" काकी ओरडायची. अंगणवाडीतही मी दारातच बसायचे, रस्ता दिसेल असं. आत बाकीची पोरं हाताची घडी, तोंडावर बोट करून ओळीत. आमच्या ताई तशा शिस्तीच्या, पण त्यांनी मला कधी ओढून आत नेलं नाही. माझी पाटी दारातच आणून द्यायच्या. मी 'अ' काढायचे, रस्त्याकडं बघायचे, 'आ' काढायचे, रस्त्याकडं बघायचे. माझं सगळं शिक्षण असं दारात सुरू झालं. आणि त्या दारातून मी जालन्याच्या कॉलेजात गेले, बी.ए. झाले. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढं गेलं नव्हतं. हे मी अजूनही लोकांना सांगते. सांगायची लाज वाटावी असं त्यात काय आहे?

पुण्यात मी बालशिक्षणाचा कोर्स केला. गावाकडं त्यावरूनही ऐकून घ्यावं लागलं. "बी.ए. करून बालवाडीच घ्यायची व्हती, तर इथली काय वाईट व्हती?" मलाही आधी वाटायचं, लहान लेकरांना शिकवायला शिकायचं काय असतं? गाणी म्हणायची, नाकं पुसायची. होस्टेलवरच्या मुली माझ्या 'जाऊन राह्यले', 'करून राह्यले'ला हसायच्या. मी दोन दिवस जीभ आवरली, तिसऱ्या दिवशी विसरून गेले. मग त्याच माझ्याकडून 'का गं'ऐवजी 'कामून गं' म्हणायला शिकल्या.

कोर्सला आमच्या मॅडमनी एकदा सांगितलं, की मूल पहिल्यांदा बालवाडीत येतं तेव्हा त्याला आईच्या जाण्याचं जेवढं भय असतं, त्याहून आई कधी गायब होईल याचं जास्त असतं. सांगून गेलेलं माणूस परत येतं, हे त्याला हळूहळू कळतं. पण न सांगता गेलेल्या माणसाची वाट ते खेळतानाही बघत राहतं. सगळ्याजणी वहीत लिहून घेत होत्या. मी लिहिलं नाही. मला दारातली पाटी दिसत होती.

आता मी ज्या बालवाडीत शिकवते, तिथं जूनमधला पहिला आठवडा फक्त रुळण्याचा असतो. पहिल्या दिवशी आई किंवा बाबा वर्गात बसतात. मग व्हरांड्यात. मग फाटकापर्यंत. जाताना लेकराशी बसून बोलायचं, की मी आता चालले. आणि परत कधी येणार, ते घड्याळात सांगायचं नाही, कारण त्या वयात घड्याळ नसतं, क्रम असतो. खिचडी खाऊन झाली, मग गोष्ट झाली, मग चपला घातल्या, की आई. मूल रडलं तर 'रडू नको' म्हणायचं नाही. 'आईची आठवण येतेय ना' म्हणायचं आणि जवळ बसायचं. हात धरला असेल तर आपण सोडवायचा नाही. ते सोडेपर्यंत थांबायचं. भातुकलीच्या कोपऱ्यात एक जुनी पर्स ठेवलेली असते. नवीन आलेली मुलं ती खांद्याला लावून 'ऑफिसला चालले' म्हणत दारापर्यंत जातात आणि परत येतात. पुन्हा जातात, पुन्हा येतात. बघणाऱ्याला वाटतं, टाइमपास चाललाय. मला माहीत आहे तिथं काय चाललंय. मीही लहानपणी फडक्यात भाकरीचा तुकडा बांधून बाहुलीला म्हणायचे, "येते हं." काकी म्हणायची, "असले खेळ नको गं खेळू." पण बाहुलीला मी दरवेळी सांगूनच निघायचे.

पालक ऐकतात असं नाही. यंदा एक बाबा मला म्हणाले, "मॅडम, गुपचूप सटकलो तर ती रडत नाही. मग उगीच का रडवायचं?"

"आज रडणार नाही," मी म्हणाले. "उद्यापासून तुम्ही बाथरूमला गेलात तरी दाराशी उभी राहील."

ते ओशाळले. "ते चालूच झालंय," म्हणाले.

हे सगळं मी दुसऱ्यांच्या लेकरांसाठी करत होते, आणि दिवाळीनंतर ते माझ्याच घरात येऊन बसलं. माझी मुलगी यशोधरा, यशू, अजून चार वर्षांची व्हायचीय. तिला दुपारी सांभाळणाऱ्या मावशी गावी गेल्या. यशूच्या बाबांची चाकणला शिफ्ट. मी आबांना फोन केला. सोयाबीन निघालं होतं, वावरात फारसं काम नव्हतं. आबा आले. माय शेळ्यांसाठी मागं राहिली. हो, आता मायच्याही शेळ्या आहेत.

आबांना पुणं आवडलं नाही आणि यशू इतकी आवडली, की पुण्याचं त्यांनी मनावर घेतलं नाही. सोसायटीत जो भेटेल त्याला जयभीम घालायचे. वॉचमन, दूधवाला, लिफ्टमधली अनोळखी बाई. महिन्याभरात लिफ्टमधली ती बाईही जयभीम म्हणायला लागली. कोपऱ्यावरच्या रसवंतीवर गेले की ऊस उचलून बघायचे. "कोण तोडलाय ह्यो? बुडखा वावरातच ठिवून आलं की काय?" रसवंतीवाला हसायचा आणि चिपाडं फुकट द्यायचा. ती चिपाडं आबा आमच्या बाल्कनीत वाळवायचे. मुंग्या झाल्या, शेजारच्या काकूंनी ग्रुपवर फोटो टाकला, पण शेवटी त्यातून एक बैलगाडी झाली. दोऱ्यानं बांधलेली, दोन बैलांची. यशूनं त्यांची नावं ठेवली, मोठा आणि मोठा. लहान व्हायला कुणी तयार नव्हतं.

एकदा आबा यशूला घेऊन मला सोडायला बालवाडीपाशी आले. सुट्टीवरून परतलेली एक मुलगी फाटकात आईला घट्ट धरून रडत होती आणि आई खाली बसून तिला समजावत होती, मी जाते, खिचडी झाली की येते. आबा बराच वेळ बघत राहिले. मी घरी आल्यावर मला म्हणाले, "कसाई बाया हैत तुमच्या. लेकरू रडून राह्यलं, अन् ती तोंडावर सांगून राह्यली."

"मीच सांगायला लावते, आबा."

"तू बी त्यातलीच मंग," ते म्हणाले, आणि चिपाडं सोलायला बसले.

मावशी परत आल्या. आबांच्या परतीचा दिवस ठरला. त्या सकाळी त्यांनी पिशवी भरून दाराआड ठेवली आणि हळूच मला स्वयंपाकघरात बोलावलं. "तू तिला खाली झोक्यावर घेऊन जाय. मी जल्दी निघतो, तिला बिलकुल कळायचं न्हाई."

मी पोळी तव्यावरच ठेवली. मला ती गोठ्यातली शेळी दिसली, पोट खपाटीला. "नाही आबा. तिला सांगून जा."

"न्हाई जमत मला."

"का नाही जमत? साऱ्या सोसायटीला जयभीम घालता."

"सोसायटीला घालता येतो. सोसायटी मागं पळत न्हाई."

"मग माझ्यासाठी सांगा. ती संध्याकाळी घरभर तुम्हाला शोधत फिरेल. कपाट उघडून बघेल. मी बघितलंय, आबा. मी गोठ्यातून यायचे ना, तेव्हा आधी रांजणामागं बघायचे."

मला हे बोलायचं नव्हतं. बोलून गेले. पोळी करपली. आबांनी गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून उभे राहिले.

"पहिल्या साली सांगितलं व्हतं तुला," ते म्हणाले.

मला काहीच कळेना. "कधी?"

"पहिल्या साली. तू लई बारकी व्हतीस. तुझ्या मायनं मांडीवर घेऊन सांगितलं, म्या बी सांगितलं. बराबर मान हलवली तू. मंग ट्रॅक्टर चालू झाला, अन् तू येऊन ट्रॉलीच्या मागच्या फाळक्याला धरलंस. मुकादम बोंबलून राह्यला. माय उतरायला लागली तर बाकीच्या बायांनी तिला धरली. ट्रॅक्टर थांबणारा न्हाई, अन् तू सोडणारी न्हाई. तुझी बोटं म्याच काढली. एकेक." त्यांनी आपल्या एका हाताची बोटं दुसऱ्या हातानं धरून दाखवली. "सारा हंगाम ऊस तोडला, पण हातातून ते जाईना. मंग वहिनीला म्हणलं, पुढच्या साली हिला शेळीकडं ने. काय वाटंल ते सांग. पुन्हा म्या लेकराचा हात सोडवणार न्हाई."

मला त्यातलं काही आठवत नाही. त्या वयाचं आठवत नसतं, हे मी पालकसभेत सांगते. पण मी काकीचा पदर का सोडत नव्हते, ते त्या ओट्यापाशी कळलं. आणि मला इतकी वर्षं वाटायचं की मला फसवून जाणं त्यांना सोपं गेलं. मी फाट्यावर असताना ते म्हणे बाभूळ तोडत होते. ती बाभूळ अजून बांधावर उभी आहे. मी दरवेळी बघते.

"आबा," मी म्हणाले, "आज ट्रॅक्टर नाही. तुम्ही हात सोडवूच नका. ती सोडेल तेव्हा जा."

"अन् गाडी?"

"दुसरी असते."

"तिकीट काढलंय की."

"जाऊ द्या तिकीट."

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं मी चोरी करायला सांगतेय. मग बाहेर गेले आणि यशूसमोर जमिनीवर बसले. मी दारातून ऐकत होते. त्यांना सांगता येईना. गाडीचं चाक फिरवत बसले, बैलांना वैरण घातली, मोठ्याला पाणी पाजलं, दुसऱ्या मोठ्यालाही पाजलं. शेवटी म्हणाले, "यशू, म्या गावाकडं चाललो. आजी एकलीच हाय तिकडं, शेळ्या हैत. आधी संक्रांत येईल, मंग तुझी शाळेची सुट्टी येईल, मंग तू तिकडं येशील. तवा म्या फाट्यावर राहीन."

यशूनं त्यांचा अंगठा धरला आणि ती रडली. कशी रडली म्हणून सांगू, खालच्या मजल्यावरून बेल वाजली. आबांनी हात हलवला नाही. त्यांच्या डोळ्यांतून धार लागली होती, पण हात तसाच. ते मान खाली घालून म्हणत राहिले, "रड बाई, रड. म्या हाय." गाडीची वेळ झाली. गाडी गेली असेल. मी चहा केला, तो त्यांनी एका हातानं प्यायला.

बऱ्याच वेळानं यशूनं नाक पुसलं, त्यांच्याच धोतराला. मग अंगठा सोडून उठली, कारण तिला बैलांकडं काम होतं. जोखडातून एक मोठा सोडवला आणि आबांच्या हातात दिला.

"एक तुझा, एक माझा."

"अगं, जोडी फोडू नये बैलांची. गाडी कशी चालायची?"

"मग आपण भेटलो की चालेल," यशू म्हणाली.

आबांनी तो बैल सदऱ्याच्या खिशात ठेवला. दारात उभे राहिले, वळले, आणि आयुष्यात पहिल्यांदा घरच्या माणसांना तोंडावर म्हणाले, "जयभीम. येतो." यशू रडत होती, पण दाराशी उभी होती आणि हात हलवत होती. संध्याकाळी तिनं कपाट उघडून बघितलं नाही. उरलेल्या मोठ्याला सांगत होती, "आबा गावाला गेलाय. आधी संक्रांत."

मे महिन्यात आम्ही केदारखेड्याला गेलो. आबा फाट्यावर होते. गाडीला दोन्ही बैल लागले, साऱ्या वस्तीनं ती चालवून बघितली. आम्ही परत निघायच्या दिवशी बॅगा दारात ठेवल्या होत्या, आणि काकी आली. आता वाकली आहे, पण आवाज तोच. "चल गं यशू, शेळी व्यालीय. करडू दाखवते."

माझ्या हातातली बॅग खाली राहिली. काकीच्याही लक्षात आलं. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "खरंच व्यालीय गं बाई! तुझी आण."

"मग मी पण येते," मी म्हणाले.

आम्ही तिघी गेलो. गोठ्यात सावलीला दोन करडं होती, काळी, एकाचा कान पांढरा. एकाला शिंक आली आणि ते स्वतःच दचकलं. यशू हसून हसून पडली. मी, एवढी शिकलेली बाई, पुण्याच्या बालवाडीतली शिक्षिका, साडीनिशी शेणात बसून त्या करडाच्या अंगावरून हात फिरवत राहिले. काकी म्हणाली, "उशीर केला जरा, पण दाखवलं की न्हाई?"

लोक मला विचारतात, आता तुझं घर कोणतं, पुण्यातलं की गावाकडचं? पूर्वी मी जागेचं नाव सांगायचे. आता मला वाटतं, जिथून रडत का होईना, पण सांगून निघता येतं, ते घर. अशी माझी आता दोन आहेत.

फाट्यावर गर्दी नव्हती. ग्रॅज्युएट पोरगी एस.टी.त बसताना बघायचं कुणाला राहिलं नाही. त्या वर्षी आणखी तीन पोरी कॉलेजला गेल्या होत्या. माय होती, काकी होती. आणि आबा होते. यशूनं पुन्हा एक बैल त्यांच्या खिशात घातला. मी खिडकीशी बसले आणि म्हणाले, "आबा, येते." त्यांनी खिडकीच्या गजावरून माझी बोटं धरली. गाडी सुरू झाली. मी सोडली तेव्हा त्यांनी सोडली.

गाडी वळली तरी मी मागं बघत होते. आबा तिथंच उभे होते.